टेकाडातल्या योद्ध्याचा डावा हात

बाबा, तुमचा योद्धा शेवटी बाई निघाला.

ही बातमी तुम्हाला कळवायला दुसरं कुणी नाही, आणि खरं सांगायचं तर ती ऐकताना तुमचा चेहरा कसा झाला असता ते बघायला मला फार आवडलं असतं. बेसिंगस्टोकच्या बाहेर, शेताच्या कडेला असलेलं ते गवताळ टेकाड आठवतंय ना? रविवारी जेवणं झाली की तुम्ही आईला आणि मला गाडीत घालून तिथे न्यायचात. थर्मासमधला चहा, आईच्या मांडीवर चिवड्याचा डबा, आणि टेकाडावर उभे राहून बोलणारे तुम्ही. शंभरेक वर्षांपूर्वी इथल्या एका निवृत्त कर्नलने ते टेकाड फोडलं, आत त्याला एक सांगाडा आणि ब्राँझचं एक पातं मिळालं, सांगाड्याच्या कवटीला पुढून डाव्या बाजूला भोक होतं. पातं आणि भोक, झाला योद्धा. तुम्ही ती गोष्ट अशी सांगायचात की जणू त्या योद्ध्याला शेवटचं तुम्हीच तपासलं होतं. "समोरून घाव झेललाय. पाठ नाही दाखवली पठ्ठ्याने." मग माझ्याकडे वळून, "आणि तू काय, गुडघा खरचटला तरी भोकाड पसरतेस. योद्धा रडतो का?" मी पटकन डोळे पुसायची. तुमच्यासमोर रडणं परवडायचं नाही, हे त्या वयातही मला नीट कळत होतं.

कर्नलने ते टेकाड कसं फोडलं ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत, कदाचित तुम्हाला ठाऊक नसावं. मला ठाऊक आहे, कारण आता तोच माझा धंदा आहे. त्या काळचे हे हौशी साहेब लोक शेतावरची माणसं लावून, कुदळी-पहारी घेऊन टेकाडाला सरळ मधोमध चिरायचे. थर बघायचा, माती चाळायची, हे कुणाच्या गावी नव्हतं. चकाकणारं काही दिसलं की उचला, कवटी दिसली की उचला. कवट्या मोजायची तेव्हा मोठी फॅशन होती. हातपाय, बरगड्या, कमरेची हाडं यांना कोण विचारतो, ती परत खड्ड्यात ढकलायची आणि वर माती लोटायची. तुमच्या योद्ध्याच्या कवटीवर ते जुनं भोक आहेच, शिवाय मागच्या बाजूला कुदळीचा एक ताजा घाव आहे. म्हणजे एकदा मारून झाल्यावर हजारो वर्षांनी तिला पुन्हा मारलं, आणि या वेळी शास्त्रासाठी. ती कवटी केंब्रिजला गेली. मी जिथे काम करते तिथल्या हाडांच्या कोठारात ती पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे, आणि मी तिला इतक्या वेळा हातात घेतलंय की तिचं वजन मला डोळे मिटून सांगता येईल.

या उन्हाळ्यात आम्ही ते टेकाड पुन्हा उघडलं. नवीन काही खणायचं नव्हतं, कर्नलने बुजवलेला खड्डाच फक्त उपसायचा होता. त्या लोकांची एक रीत होती. बुजवताना त्या वर्षीचं नवं कोरं नाणं तळाशी टाकून जायचे, पुढे कुणी खणलं तर कळावं की बाबा रे, इथे आधी येऊन गेलेत. ते नाणं सापडलं, आणि त्याच्या आसपास, कुणी पोतं उलटं करावं तशी, तिची उरलेली सगळी हाडं. मानेचा पहिला मणका केंब्रिजच्या कवटीला चपखल बसला. कमरेचं हाड हातात घेतलं आणि मी मोठ्याने हसले. शिकाऊ पोरं खणायची थांबून माझ्याकडे बघायला लागली. तुमच्या पठ्ठ्याचं कमरेचं हाड बाईचं होतं. ब्राँझचं पातं कुणाचं होतं देव जाणे, त्या टेकाडात नंतरही माणसं पुरलेली आहेत. मग बरगड्या निघाल्या, त्यातल्या काही आधी कधीतरी मोडून जुळलेल्या. आणि शेवटी डाव्या हाताचं, कोपरापासून करंगळीच्या बाजूने मनगटाकडे जाणारं हाड निघालं. मधोमध मोडलेलं, आणि वाकडं जुळलेलं. माझं हसू तिथेच थांबलं.

हे हाड तुम्हीच मला शिकवलंत. जेवणाच्या टेबलावर माझा हात उलटा करून, अंगठ्याने दाबत दाबत, एकेक हाड दाखवायचात. इतका हलका अंगठा होता तुमचा. हॉस्पिटलात लोक म्हणायचे, या डॉक्टरांनी हाड बसवलं की ते मोडलं होतं हे हाडालाही आठवत नाही. ख्रिसमसला पेशंटांच्या कार्डांनी आपली भिंत भरायची. देवमाणूस. आणि घरी तुमचा राग आधी हातात यायचा, मग तोंडात. आमटी गार म्हणून भिंतीवर फुटलेलं ताट, तो पिवळा डाग आईने तीनदा रंगवूनही वर यायचा. गणितात कमी मार्क पडले म्हणून पट्टा. आई फोनवर तिच्या बहिणीशी हसून बोलत होती म्हणून मानेपाशी धरलेले तिचे केस, आणि ती त्याच आवाजात, "बरं ठेवते हं, हे आलेत," असं म्हणत रिसीव्हर खाली ठेवतेय. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मला तुमचा राग यायचा, बाबा, असं मी लोकांना सांगते. खरं तर मला तुमचा खून करावासा वाटायचा.

आणि ती दिवाळी. मला ती अशी आठवते. स्वयंपाकघराच्या खिडकीवर वाफ धरलीय, आई करंज्या लाटतेय, तुमचे मोठे साहेब आणि त्यांची बायको फराळाला येणार आहेत. कढईत एक करंजी फुटते, सारण तेलभर पसरतं, जळका वास. तुम्ही आईच्या हातातलं लाटणं हिसकता. तिचा डावा हात वर जातो. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज. आई ओरडत नाही, नुसता श्वास आत घेते. परात पडते, फरशीवर मैदाच मैदा, आणि त्या मैद्यात चिखलाच्या पावलांचे ठसे. मग तुम्ही एकदम डॉक्टर होता. फळकुटाला हात बांधता, तिला गाडीत बसवता, मला शेजारच्या बाईकडे सोडता. तुमच्याच हॉस्पिटलात तुम्हीच तिला प्लास्टर घातलंत. बागेतल्या ओल्या पानांवरून घसरली, असं सांगितलंत. तिथली एक नर्स म्हणाली होती म्हणे, "किती लकी हो तुम्ही, घरातच डॉक्टर!" साहेब संध्याकाळी आले. आईने गळ्यात हात अडकवून त्यांना चहा दिला.

मी हाडं शिकायला केंब्रिजला आले तेव्हा पहिल्याच वर्षी आमच्या बाईंनी तेच हाड टेबलावर ठेवलं. माणूस पडला की तळवा टेकतो, म्हणून मनगटाजवळ मोडतं, त्या म्हणाल्या. करंगळीकडचं हे हाड मधेच एकटं मोडलं असेल, तर बहुधा वरून काहीतरी येत होतं आणि त्या माणसाने ते हाताने अडवलं. मी बाहेर जाऊन कॉरिडॉरमध्ये जमिनीवर बसले. तुम्ही तोवर गेला होतात, हार्ट अटॅकने, तुमच्या लाडक्या खुर्चीत, कुणालाही उत्तर न देता. मी आईला फोन केला. ती म्हणाली, "अगं पानांवरून घसरले होते मी. आता तो विषय नको." पुढेही दर वेळी हेच, झाकली मूठ सव्वा लाखाची. मला बाकी काही नको होतं, बाबा. शिक्षा करायला तुम्ही उरला नव्हतात. एकदाच, फक्त एकदा, तिच्या तोंडून खरं ऐकायचं होतं, आणि आता तिची ऐंशी उलटली आहे. गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियाने ती हॉस्पिटलात होती तेव्हा मला एकच भीती होती, की ही ती पानं बरोबर घेऊन जाणार.

म्हणून खणण्याच्या शेवटच्या शनिवारी, लोकांना बघायला बोलावलं होतं तेव्हा, मी आईला घेऊन गेले. मुद्दाम. तुमचीच मुलगी, दुखऱ्या जागी बोट ठेवायला मलाही येतं. तिला घडीची खुर्ची दिली, गुडघ्यावर शाल दिली. तंबूत ट्रेवर ती हाडं मांडली होती. आमच्या म्युझियमचा क्युरेटर, भला माणूस, माझ्या कानाशी लागला होता, पाटीवर 'वॉरियर'च राहू दे ना, आता 'वॉरियर वुमन' म्हणू, लोक तुटून पडतील. मी त्याला म्हटलं, तिच्या बरगड्या वेगवेगळ्या वर्षी मोडल्यात, प्रत्येक वेळी भरून आल्यात, आणि मग कुणीतरी समोर उभं राहून तिचं डोकं फोडलंय. ही कसली लढाई, की दर हिवाळ्यात तीच परत होते? माझा आवाज चढला असावा, कारण तो मागे सरकला आणि 'युअर कॉल', तूच ठरव, म्हणाला.

तेवढ्यात एक मराठी कुटुंब आलं. नवरा-बायको आयटीतले, ब्रॅकनेलला राहणारे, बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी. मराठी ऐकून ते आईच्या पायाच पडायला निघाले. "काकू, ॲक्च्युअली आम्ही ऑनलाइन बघितलं ना, म्हटलं वीकेंडला काहीतरी एज्युकेशनल करूया." मी ट्रेवरचं हाड दाखवून त्यांना सांगत होते, हात असा वर केला की इथे मोडतं. त्या मुलीने आपला हात तसा वर करून बघितला आणि माझ्या आईला विचारलं, "आजी, हा बाईने हात असा का केला? ती पळाला का नाही?"

"सॉरी हं काकू, तिचं मराठी जरा वीक आहे," तिची आई म्हणाली.

आईचं लक्षच नव्हतं. तिने ते हाड वाकून बघितलं. मग म्हणाली, "हिचं कुणी बसवलं नाही वाटतं. वाकडंच राहिलं." आणि त्या मुलीला म्हणाली, "कशी पळणार, बाळा? तिच्या मागे कुणीतरी असेल ना."

मी तोंड उघडलं होतं, हाडांवरून हे सांगता येत नाही असं म्हणायला. त्याऐवजी आईला उठवून तिची खुर्ची घडी केली.

गाडीत बसल्यावर मी किल्ली लावलीच नाही. विचारलं, "आई, कोण होतं मागे?"

"तूच की गं."

"कधी?"

"दिवाळीला. तू बागेतून आत आलीस, नखशिखांत चिखल. हातात कसलंसं हाड, कुत्र्याने पुरलेलं असेल. 'बाबा, मला योद्धा सापडला' म्हणून नाचत होतीस. ह्यांनी खिडकीतून बघितलं, तर गुलाबांचा अख्खा वाफा उकरलेला, आणि साहेब यायची वेळ. लाटणं तुझ्या डोक्यावर येत होतं. मी हात घातला मध्ये."

"आणि करंजी?"

"ती मग फुटली. लक्ष कुणाचं होतं कढईकडे?"

बाबा, वाफा उकरलेला मला आठवतो. तुम्ही वाढदिवसाला दिलेली गवंड्याची छोटी थापी घेऊन, रविवारी तुम्ही सांगितलंत तसं, मी तिथे टेकाड उघडत होते. खणायचं तर नीट खणायचं, असं म्हणून दिली होतीत ती मला. नखांतला गार चिखल आठवतो, ते हाड आठवतं, केवढा तो आनंद आठवतो. पण तो मी वेगळा दिवस समजत होते. आयुष्यभर लोकांच्या मातीतले थर वेगळे करून दिले, शिकाऊ पोरांना थर चुकवल्याबद्दल झापलं, आणि माझ्याच घरातला एक थर मी दोन म्हणून मांडून ठेवला होता. पुरावा तर समोर होता. मैद्यातले चिखलाचे ठसे. मी ते तुमच्या बुटांचे धरले होते. तुमच्या! पायातले बूट दारात काढल्याशिवाय जो माणूस स्वतःच्या घरात पाऊल टाकायचा नाही, पाहुण्या गोऱ्यांनाही बूट काढून मोज्यांवर बसवायचा, तो स्वयंपाकघरात चिखलाने येईल? ठसे लहान होते. मी बघितले होते, आणि लहान आहेत हे बघितलंच नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?" मी ओरडले. तिच्यावर ओरडले, तुमच्याच आवाजात.

"कशाला सांगू? तू जन्मभर स्वतःला लावून घेतलं असतंस. पानांवरून घसरले, संपलं. पानं काय कुणाच्या मनाला लावून घेतात?" तिने शाल नीट केली. "आणि आता विचारलंस म्हणून सांगितलं. आता तू मोठी झालीस."

मला एवढी वर्षं वाटत होतं, ती तुम्हाला झाकतेय. मला त्याचाही राग यायचा, तिचा तिरस्कारही वाटायचा कधीकधी, की एवढा मार खाऊन ही बाई नवऱ्याची अब्रू सांभाळतेय. तुम्ही तिच्या हिशेबात नव्हतातच, बाबा. ती मला झाकत होती. हात खाली आलाच नव्हता तिचा. तुम्ही तो इतका सुरेख बसवलात, की आज एक्स-रे काढला तरी रेघ शोधावी लागेल. त्या टेकाडातल्या बाईला तुमच्यासारखा डॉक्टर मिळाला नाही, म्हणून तरी तिची साक्ष उरली. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. योद्धा रडतो का म्हणून विचारायला तुम्ही नव्हतात, आणि असतात तर त्या दिवशी मी तुम्हाला हातात येईल त्याने मारलं असतं, हे लिहून ठेवते.

घरी आल्यावर आईने कणीक मळली. ड्रॉवरमधून लाटणं काढलं, तेच, तुम्ही त्याच दिवशी धुऊन पुसून जागच्या जागी ठेवलेलं. एवढी वर्षं ती त्यानेच पोळ्या लाटत होती आणि मी त्या खात होते. त्या संध्याकाळीही लाटल्या. मग लाटणं साबणाने घासलं, कोरडं केलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"उद्या तो खड्डा बुजवणार ना तुम्ही? हे टाक त्यात."

"आई, असं चालत नाही. साइट खराब होते. माझी नोकरी जाईल."

"त्या कर्नलने पैसा टाकला, तो बरा चालतो?"

रविवारी पोरं जेवायला गेल्यावर मी खाली उतरले. रीतीप्रमाणे यंदाचं नाणं ठेवलं आणि शेजारी लाटणं. आमच्या धंद्यात ज्याचा अर्थ लागत नाही त्याला 'पूजाविधीचं साधन' म्हणून लिहून टाकतात. पुढे कुणी खणेल, लाकूड तोवर उरलं असलं, तर तेच लिहील. पाटीवर मी 'स्त्री' लिहिलंय, दुखापतींची जागा लिहिलीय, आणि खाली एक ओळ, की तिच्या मागे कुणी होतं का हे हाडांवरून सांगता येत नाही. क्युरेटर म्हणाला ही ओळ शास्त्रीय नाही. मी म्हटलं, राहू दे. आईसाठी इंडियन शॉपमधून नवं लाटणं आणलं. जड आहे म्हणते, पण लाटते.

हे पत्र त्या खड्ड्यात ठेवायचं म्हणून लिहायला घेतलं होतं. लिहून होईतो खड्डा बुजला, वर गवताच्या चकत्याही बसल्या, आणि आता ते पुन्हा उघडायची माझी इच्छा नाही. एक मात्र सांगायचं राहिलं. लाटण्यावर मी माती लोटली नाही, तुमच्या थापीने थोडी थोडी घातली, आणि कडेकडेने अंगठ्याने दाबत गेले, अगदी हलकं, कुठे पोकळ राहू नये म्हणून. प्लास्टर तुम्ही तसंच दाबायचात. मला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने दाबताच येत नाही.